उघड्या फायली

आमच्या आईला माझ्या परीक्षेपेक्षा मोठी काळजी असे ती दारांची. "दार लाव!" हे शब्द मी लहानपणी जितक्या वेळा ऐकले असतील तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. दार, फडताळ, नळ, पिंपाचं झाकण, दौतीचं बूच, जे जे म्हणून उघडता येतं ते मी उघडत असे आणि पुढे चालू लागत असे. मागून येऊन बंद करणं हे काम आईचं. ती एकदा मोजायला बसली होती. एका सकाळीत अकरा गोष्टी उघड्या टाकल्यास म्हणाली, आणि बारावी म्हणजे तुझं तोंड.

असा हा मुलगा पुढे एका कचेरीत चिकटला (कचेरीचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते) आणि चढत चढत आस्थापना शाखेचा हेडक्लार्क झाला. आता आस्थापना शाखेत फायली उघडणं हेच काम. बंद करणं हे कुणाचंच काम नसतं. फाईल बंद झाली म्हणजे प्रकरण संपलं, आणि प्रकरणं संपू लागली तर शाखा कशाला ठेवायची, असा साधा हिशेब. त्यामुळे मी तिथे फार रमलो.

ही प्रस्तावना एवढ्यासाठी की, १९८८ सालच्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या कचेरीत जे रामायण घडलं त्यात माझा भाग काय होता, हे वाचकांनी समजून घ्यावं.

आमच्याकडे तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याला कचेरीतली एकमेव वातानुकूलित खोली दिली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. साहेबांच्या खोलीत आम्ही बुटांसकट जात असू, त्यामुळे दर्जा कुणाचा वरचा हे शिपायालासुद्धा कळलं होतं. त्या खोलीत बाविसेक वर्षांची एक मुलगी ऑपरेटर म्हणून बसे. प्रोबेशनवर होती. कोणाशी फारसं बोलत नसे, कारण खोलीत बोलायला कोणी नव्हतं आणि बाहेर यायचं तर चपला शोधाव्या लागत. दोनशे चौदा माणसांचा पगार आणि सणाची उचल तिच्या यंत्रावर निघायची. आधी दोन महिने ती सुरळीत निघालीही होती. मग यंत्र आजारी पडलं, मेकॅनिक आला, त्यानं काहीतरी बदललं, सगळं नव्यानं भरून दिलं आणि गेला. आणि उचलीची बिलं काढायच्या दिवशी पडद्यावर एक ओळ उमटली. इंग्रजीत. "टू मेनी फाइल्स आर ओपन."

साहेबांना बोलावलं. साहेब अनवाणी आत आले, चष्मा लावून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि मग काचेतून बाहेरच्या हॉलकडे पाहिलं. हॉलमध्ये बावीस टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर पाच-पंचवीस फायली आ वासून पडलेल्या. साहेबांचा चेहरा उजळला. "पाहा!" ते मला म्हणाले, "वीस वर्षं मी सांगतोय ते या यंत्राला आठ महिन्यांत कळलं."

परिपत्रक मीच लिहिलं. 'सर्व कर्मचाऱ्यांनी आपापल्या टेबलांवरील उघड्या फायली दुपारी चार वाजण्यापूर्वी बंद करून, लाल फीत बांधून, कपाटात ठेवाव्यात.' हॉलमध्ये त्या दिवशी जे दृश्य दिसलं ते पुन्हा दिसणे नाही. ज्या फायलींनी दोन-दोन बदल्या आणि एक सेवानिवृत्ती पाहिली होती त्यादेखील मिटल्या. लाल फीत संपली, तेव्हा आवक-जावकच्या बाईंनी आपल्या केसांची रिबन दिली. चार वाजता सगळा हॉल स्वच्छ, टेबलांच्या लाकडाचा रंग कोणता आहे हे बऱ्याच जणांना प्रथमच कळलेलं. साहेब म्हणाले, "हं, चालव आता." मुलीनं बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा तीच ओळ.

मग रेकॉर्ड रूममध्ये काही उघडं राहिलंय का ते बघायला शिपाई पाठवला. हे मी विनोदासाठी लिहीत नाही, खरंच पाठवला.

उचलीची बिलं अखेर आम्ही हातानं लिहिली, रात्री दोनपर्यंत बसून. लोकांना पैसे मिळाले, पण एक दिवस उशिरा. कचेरीत एक दिवस उशीर झाला की कोणीतरी दोषी असावं लागतं. यंत्राला मेमो देता येत नाही. साहेबांना मी देऊ शकत नव्हतो. उरली ती मुलगी. 'आपल्या निष्काळजीपणामुळे' या शब्दांनी सुरू होणारा मेमो मी स्वतः टाइप केला, आणि तिचं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवणारा आदेशही. त्यात एक शुद्धलेखनाची चूक राहिली होती, ती नंतर शाईनं दुरुस्त केली. माझी सगळी काळजी त्या ऱ्हस्व-दीर्घाची होती.

यानंतर बत्तीस वर्षं मला ती ओळ कुठे दिसली नाही. २०२० साली सगळं जग घरात कोंडलं गेलं तेव्हा आमच्या सूनबाईंचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं. सूनबाई कॉम्प्युटरवाल्या. नुसत्या वापरणाऱ्या नव्हेत, तर दूर कुठेतरी असलेल्या शेकडो यंत्रांची नाडी बघणाऱ्या. एका रात्री अकरा वाजता मी पाणी प्यायला उठलो तर ती कपाळाला हात लावून बसलेली, आणि पडद्यावर... हातातला तांब्या मी जपून खाली ठेवला. शब्दांची जागा जरा इकडची तिकडे झाली होती, 'टू मेनी ओपन फाइल्स', पण माणूस ओळखावा तशी मी ती ओळ ओळखली.

"अगं," मी म्हटलं, "फायली कपाटात ठेवून बघितल्यास का?"

तिला वाटलं मी झोपेत आहे. मग मी तिला १९८८ सालची सगळी कथा सांगितली. ती इतकी हसली की नातू उठला. आणि मग हसायची थांबून म्हणाली, "बाबा, त्या मुलीचं काय झालं?" मला खरोखर माहीत नव्हतं. मी बदलून दुसऱ्या शहरात गेलो होतो. त्या रात्रीपासून मी या प्रकरणाचा इतिहास जमवायला लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि आस्थापनेतल्या माणसाला एक खोड असते, कोणताही नियम दिसला की तो मुळात कोणी, कधी आणि कशासाठी काढला याचा मूळ कागद शोधायचा.

मूळ कागद अमेरिकेत निघाला. न्यू जर्सी राज्यात मरे हिल नावाच्या गावी बेल लॅबोरेटरीज होती. तिथे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी १९६९ पासून युनिक्स नावाची कार्यप्रणाली रचली. सुरुवात टाकून दिल्यासारख्या पडलेल्या पीडीपी-७ यंत्रावर. नवं यंत्र हवं तर संस्था पैसे देईना, तेव्हा या मंडळींनी एक युक्ती केली, ती वाचून माझा त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला. पेटंट विभागाच्या अर्जांचं टंकलेखन करणारी व्यवस्था बनवून देतो, असं सांगून त्यांनी पीडीपी-११ पदरात पाडून घेतलं. १९७१ मध्ये त्या यंत्रावर पेटंट खात्याचे तीन टायपिस्ट काम करू लागले. म्हणजे ज्या प्रणालीच्या घराण्यावर आज जगातले कितीतरी व्यवहार चालतात, तिचा पहिला खरा आधार तीन कारकून! हे आमच्या पेन्शनर संघात मी तीन वेळा सांगितलं आहे.

त्या यंत्राची स्मृती किती? चोवीस हजार अक्षरं मावतील एवढी. त्यांतली सोळा हजार प्रणालीच खाई आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला उरत आठ हजार. हा माझा निबंध त्यात बसला नसता. इतक्या तोकड्या जागेत संसार करायचा तर प्रत्येक गोष्टीला माप हवं. चाळीतल्या दोन खोल्यांत पाहुणे किती, गाद्या किती आणि पातेली किती हे ठरवल्याशिवाय भागतं का?

आता फाईल 'उघडी' असणं म्हणजे यंत्राच्या भाषेत काय, ते मला सूनबाईनं समजावलं आणि मी माझ्या भाषेत करून घेतलं. देवळाबाहेर चपलांचा स्टँड असतो. तुम्ही चपला देता, तो तुम्हांला पितळी बिल्ला देतो. पुढे सगळा व्यवहार बिल्ल्यावर. चपला कोणत्या खणात आहेत, कशा दिसतात, हे तुम्ही पाहायचं नाही. युनिक्समध्ये कार्यक्रमानं फाईल मागितली की प्रणाली त्याला एक आकडा देते, तोच बिल्ला. आकडा नेहमी मोकळ्यांतला सर्वांत लहान. शून्य, एक आणि दोन हे बिल्ले मात्र जन्मतःच वाटलेले असतात, शून्यावर आत येणारा मजकूर, एकावर बाहेर जाणारा, आणि दोनावर तक्रारी. तुमची पहिली फाईल उघडते ती तीन नंबरावर.

तक्रारीला वेगळा बिल्ला का लागला, याची एक हकिगत त्या प्रयोगशाळेतल्या स्टीफन जॉन्सन यांनी सांगितली आहे. त्यांच्याकडे छपाईच्या अक्षरजुळणीचं एक यंत्र आलं होतं. त्यातून निघालेली लांबच लांब कागदी पट्टी एका घाणेरड्या वासाच्या यंत्रात घालून धुवावी लागे, आणि काही मिनिटांनी अक्षरं दिसत. एका दुपारी अनेकांच्या वाट्याला तोच अनुभव आला, सगळा सोपस्कार करून पाहावं तर कागदावर सुबक, सुंदर टाइपात एकच ओळ, अमुक फाईल उघडता येत नाही! आरडाओरडा झाला, आणि योग्य माणसांच्या कानांवर गेला. दोनतीन दिवसांत तक्रारींसाठी वेगळी वाट निघाली. आमच्या कचेरीत तक्रारीची पेटी बसवायला अकरा वर्षं लागली होती, आणि किल्ली अजून सापडायची आहे.

तर स्टँडवाल्याजवळ बिल्ले किती? युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे १९७५ साली, एका कार्यक्रमाला जास्तीत जास्त पंधरा. आणि सगळ्या यंत्रात मिळून एका वेळी उघड्या फायलींच्या नोंदी शंभर. आता गंमत पाहा. त्याच पानावर एका वेळी चालू शकणाऱ्या कार्यक्रमांची मर्यादा दिली आहे पन्नास. पन्नास गुणिले पंधरा म्हणजे साडेसातशे, आणि नोंदवहीत ओळी शंभर! हे गणित वाचून मला एकदम आमची गावाकडची एस. टी. आठवली. सगळे गिऱ्हाईक एकाच दिवशी यायचे नाहीत, या भरवशावर चालणारा तो कारभार होता, आणि चालतही होता.

म्हणजे मर्यादा दोन झाल्या, त्यामुळे तक्रारीही दोन. तुमचे स्वतःचे बिल्ले संपले तर चूक क्रमांक चोवीस. सगळ्या यंत्राची नोंदवही भरली तर चूक क्रमांक तेवीस. हे क्रमांक आजच्या लिनक्समध्येही तेच आहेत. पन्नास वर्षांत आमच्या कचेरीनं तीन पत्ते आणि पाच लेटरहेड बदलली, पण या मंडळींनी चुकीचा नंबर बदलला नाही. त्या सहाव्या आवृत्तीत नोंदवही भरली की यंत्र मुख्य पडद्यावर दोनच शब्द लिही, "नो फाइल." फाईल नाही! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. कारण आमच्या आस्थापना शाखेत येणाऱ्या प्रत्येक माणसाला आम्ही पहिलं उत्तर हेच देत असू.

हे सगळं बाहेरच्यांना कळलं कसं, तर ऑस्ट्रेलियातले एक प्राध्यापक जॉन लायन्स यांच्यामुळे. त्यांनी १९७७ साली न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याचा मजकूर छापून त्यावर भाष्य लिहिलं. ज्ञानेश्वरीवर निरूपण करावं तसं, ओळीओळीवर. मालकांनी पुढच्या आवृत्तीपासून वर्गात असलं काही शिकवायला बंदी घातली, आणि मग बंदीनं जे होतं तेच झालं. झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिची झेरॉक्स अशी ती पोथी जगभर फिरली. रीतसर छापून बाजारात आली १९९६ साली. इतक्या झेरॉक्सांनंतर पुसट झालेल्या अक्षरांतून पंधराचा आकडा वाचणारे विद्यार्थी माझ्या डोळ्यांपुढे येतात. आम्हीही बी. ए.च्या नोट्स अशाच वाचल्या, फक्त आमच्या नोट्समध्ये वाचण्यासारखं काही नव्हतं.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत पंधराचे वीस झाले आणि शंभराचे एकशे पंचाहत्तर. वीस हा आकडा मग मंडळींच्या इतका अंगवळणी पडला की, १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं घरच्या घरी लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली, तेव्हा त्यानंही एका कार्यक्रमाला वीसच फायली दिल्या, आणि सगळ्या यंत्राला मिळून चौसष्ट. आणि हे आकडे वाढवायचे तर? नुसतं साहेबांना सांगून भागत नसे. आकडा प्रणालीच्या पायातच चिणलेला. तो बदलायचा म्हणजे प्रणाली पुन्हा घडवायची आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. फडताळात एक खण वाढवण्यासाठी वाडा पाडून बांधण्यातला प्रकार.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. आमच्या कचेरीतलं यंत्र युनिक्सचं नव्हतं, ते होतं एमएस-डॉसचं. डॉसची पहिली आवृत्ती १९८१ ची. तिच्यात बिल्ल्यांची पद्धत नव्हती. प्रत्येक कार्यक्रम आपल्या फायलीचा कागद आपल्याच खिशात बाळगी, ही जुन्या सीपी/एम प्रणालीची रीत. १९८३ साली डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि तिनं युनिक्सकडून बिल्ल्यांची पद्धत उचलली. पद्धतीबरोबर वीसचा आकडाही आला. एका कार्यक्रमाला बिल्ले वीस. त्यांतले पाच आधीच वाटलेले, कीबोर्ड, पडदा, तक्रारी, एक जोडणीची तार आणि प्रिंटर. राहिले पंधरा. त्या काळी भारतातल्या कचेऱ्यांत डीबेस थ्री प्लस घरोघरच्या लोणच्यासारखं असे, आणि त्याची मर्यादा होती सगळ्या प्रकारच्या मिळून पंधरा उघड्या फायली. वीस वजा पाच बरोबर पंधरा. हिशेब कसा चोख!

पण हे वीस मिळायला एक अट होती. सगळ्या यंत्रासाठी मिळून किती फायलींची जागा राखायची, हे डॉसला आधी सांगावं लागे. यंत्र सुरू होताना ते कॉन्फिग डॉट सिस नावाची एक चिठ्ठी वाची. तीत 'फाइल्स बरोबर वीस' अशी एक ओळ लिहायची. डीबेसच्या पुस्तकात तसं स्पष्ट सांगितलेलं होतं. चिठ्ठीत ही ओळ नसली तर डॉस आपल्या मनानं धरून चाले, आठ. सगळ्या घराला मिळून आठ, आणि त्यांतही काही घरच्या माणसांत आधीच गेलेले.

आता सांगायला नकोच. मेकॅनिकनं सगळं नव्यानं भरलं, त्यात जुनी चिठ्ठी गेली. पगाराच्या कार्यक्रमाला एक फाईल नोकरांची, एक उचलीची, एक कपातीची, आणि प्रत्येकीची अनुक्रमणिका वेगळी. आठात हे बसणार कसं? यंत्र खरं तेच सांगत होतं, अगदी साध्या इंग्रजीत. एक ओळ लिहिली असती तर दहा मिनिटांत दोनशे चौदा माणसांची दिवाळी वेळेवर झाली असती. आम्ही लाल फीत आणली.

सूनबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्यात तुमचं काय चुकलं? आमच्याकडेही साहेब पहिल्यांदा हेच करतात. ओळ वाचतात आणि आकडा वाढवा म्हणतात." त्या रात्री तिच्या वरिष्ठांनी फोनवर तेच सांगितलं होतं. लिनक्समध्ये नेहमीचा आकडा १०२४. तो ४०९६ केला. तासाभरानं पुन्हा तीच ओळ. मग ६५,५३५ केला. मग पहाटेपर्यंत शांतता, आणि पुन्हा तीच ओळ. कारण दोष मर्यादेत नव्हताच. कोणीतरी लिहिलेला एक कार्यक्रम फायली उघडत होता आणि बंद करायला विसरत होता. हे ऐकून मी मान खाली घातली. तो कार्यक्रम लिहिणारा मला सख्ख्या भावासारखा वाटला. आता यंत्राच्या दृष्टीनं दूरच्या माणसाशी चाललेलं संभाषणदेखील एक उघडी फाईलच. १९८३ साली बर्कलीच्या विद्यापीठानं ती सोय केली तेव्हापासून जो कोणी यंत्राला फोन लावील त्याला एक बिल्ला द्यावा लागतो. फोन ठेवला तरी बिल्ला परत घेतला नाही, की स्टँड रिकामा आणि रांग देवळाबाहेर.

तिनं लबाड शोधला तो एलसॉफ नावाच्या साधनानं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबेल यांनी ते लिहिलं. कोणी कोणती फाईल उघडून ठेवली आहे, त्याची ते नावानिशी यादी देतं. आमच्या हॉलमध्ये कोणी असली यादी काढली असती तर संप झाला असता. त्या यादीत मी एक चमत्कार पाहिला, काही फायलींपुढे लिहिलेलं असे, 'पुसून टाकलेली'. म्हणजे फाईल पुसली, नाव गेलं, पण कोणाच्या तरी हातात अजून बिल्ला आहे म्हणून ती जागा अडवून बसली आहे. शेवटचा बिल्ला परत येईपर्यंत तिला मुक्ती नाही. आमच्याकडे बदली झालेले एक गृहस्थ सात महिने आपली खुर्ची सोडत नव्हते, त्यांची मला आठवण झाली.

मी तिला विचारलं, आता स्मृतीला तोटा नाही, मग मर्यादा ठेवताच कशाला? ही माझी शंका इतरांनाही आली होती. १९९९ साली डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला की, एका यंत्रानं एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइकं का सांभाळू नयेत? तेव्हा लोकांना कळलं की जुने आकडे कुठे कुठे मुरले आहेत. फायलींवर नजर ठेवणारी सिलेक्ट नावाची एक जुनी सोय होती, तिच्या तक्त्यात १०२४ च चौकोन, आणि १०२५ वा बिल्ला आला की ती शेजारच्या भिंतीवर रेघा मारी. सोलारिस प्रणालीच्या बत्तीस बिटी आवृत्तीत तर फाईलचा आकडा लिहायला एकच अक्षराची जागा सोडलेली, त्यामुळे नेहमीच्या वाटेनं २५५ च्या पुढचा बिल्ला घेताच येत नसे. एक रकाना अरुंद आखला की पुढच्या तीन पिढ्या त्यात कोंबून लिहितात, हे आस्थापनेच्या माणसाला नव्यानं सांगायला नको.

म्हणून लिनक्समध्ये आता दोन मर्यादा असतात, एक नरम, एक कडक. नरम मर्यादा कार्यक्रमाला स्वतःच्या सहीनं वाढवता येते, पण कडक मर्यादेपर्यंतच. कडक मर्यादा वाढवायला मालकाची सही. किरकोळ रजा आणि अर्जित रजा! डिसेंबर २०१८ मध्ये कडक मर्यादा एकदम ५,२४,२८८ वर नेण्यात आली आणि नरम मात्र मुद्दाम १०२४ वरच ठेवली, जुन्या सिलेक्टवाल्यांचं घर मोडू नये म्हणून. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. म्हाताऱ्यांचा विचार कोणीतरी केला.

आणि ज्यांनी मर्यादा काढूनच टाकली त्यांची काय गत झाली ती ऐका. लिनक्सवर 'अमर्याद' म्हटलं की काही ठिकाणी प्रत्यक्षात आकडा मिळे १,०७,३७,४१,८१६. एकशे सात कोटींच्या वर! आता काही जुने, सुसंस्कृत कार्यक्रम असे होते की, ते काम सुरू करण्यापूर्वी आधी कोणाचं काही उघडं राहिलं असेल तर सगळं बंद करून घेत. वीसच्या जमान्यात ठीक होतं. आता ते बिचारे तीन नंबरापासून सुरू करून एकशे सात कोटी दारं, जी कधी उघडलेलीच नव्हती, एकेक करून लावत बसले. यंत्र ठप्प. शेवटी २०२० साली लिनक्समध्ये एका हुकमात सगळी दारं लावण्याची सोय करावी लागली. आमची आई असती तर तिला ही सोय दाखवली असती.

हा सगळा इतिहास जमवल्यावर माझ्यापाशी एकच फाईल उरली. गेल्या नोव्हेंबरात मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. मुलगा आणि सूनबाई इथेच नोकरीला, म्हणून मी पुन्हा या शहरात आलो आहे. रांगेत माझ्यापुढे एक बाई, केस पांढरे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. तिनं वळून पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही आस्थापनेत होतात ना?"

तीच. नुकतीच निवृत्त झालेली. प्रोबेशन वाढलं त्यामुळे ती तिच्या बरोबरीच्यांच्या मागे पडली आणि शेवटपर्यंत एक पायरी मागेच राहिली, हे तिनं सहज, पेन्शनच्या आकड्यांच्या गप्पांत सांगितलं. मी घसा साफ केला. छत्तीस वर्षं उशिरानं, बँकेच्या रांगेत, मी तिला सगळं सांगू लागलो. चिठ्ठी, मेकॅनिक, आठ आणि वीस.

तिनं मला मध्येच थांबवलं. "फाइल्स बरोबर वीस. मला दुसऱ्याच दिवशी कळलं, साहेब. पुस्तकात होतं. ओळ घातली आणि चालू झालं. तुम्हांला नाही कळलं? पुढच्या महिन्याचा पगार यंत्रावरच निघाला की."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"मेमोच्या उत्तरात लिहिलं होतं ना. दोन पानं. मेकॅनिकनं काय काढलं, कोणती ओळ गेली, सगळं. तुमच्याच टेबलावर ठेवलं. तुम्ही म्हणालात, त्या फायलीला लाव. आणि ती तर बांधून कपाटात गेली होती, सगळ्या फायली बंद ठेवायचं परिपत्रक होतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. तेवढ्यात काउंटरवरून तिचा नंबर पुकारला. ती दोन पावलं पुढे गेली, मग थांबली आणि वळून हळूच म्हणाली,

"साहेब, पिशवीची चेन उघडी आहे तुमच्या."